फंडातले घर

नागपूरच्या उत्तरेला कोराडी हे गाव आहे. जगदंबेच्या देवळासाठी ते प्रसिद्ध होतेच. वीज केंद्रामुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि जून १९७४ मध्ये कोराडीचा १२० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. केंद्रामागोमाग नोकरवर्गाची वसाहत आली. आता वसाहतीतल्या क्वार्टरचे असे असते, वाचकहो, की नोकरी आहे तोवर ते आपले. नोकरी संपली की सामान कुठे न्यायचे हा प्रश्न दारात उभा. म्हणून अशा गावी ‘फंड’ हा शब्द निघाला, की पाठोपाठ ‘प्लॉट’ हा शब्द येतोच.

म्हातारपणाची शिदोरी घराच्या भिंतींत घालावी काय, हा प्रश्न कोराडीच्या धुराड्यांहून जुना आहे. नागपुरातच जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ साली तेथील कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. पण ती झाली एका मालकाची दूरदृष्टी. देशासाठी कायदा झाला तो १९५२ साली. आरंभी तो सहाच उद्योगांना लागू होता. कापडगिरण्या, पोलाद, सिमेंट, कागद, सिगारेट आणि अभियांत्रिकी, हे ते उद्योग. कामगाराने पगाराच्या रुपयामागे एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के, टाकायचा आणि तेवढाच मालकाने.

हा पैसा निवृत्तीपर्यंत सहसा हलवायचा नाही, असा दंडक. पण घरासाठी दार किलकिले ठेवले. योजनेच्या ६८-ब परिच्छेदानुसार पाच वर्षे सभासद राहिलेल्याला जागेसाठी चोवीस, तर घरासाठी छत्तीस महिन्यांच्या पगारापर्यंत रक्कम काढता येई. अट अशी की मालमत्ता स्वतःच्या, पत्नीच्या वा पतीच्या, किंवा दोघांच्या नावे हवी; आणि घर राहण्यासाठी हवे, व्यापारासाठी नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे नियम सुटसुटीत करायचे ठरवले, तेव्हाही घर हे कारण स्वतंत्र राखले.

मोठी मौज अशी, की कोराडीचा पहिला संच सुरू झाला त्याच १९७४ साली अमेरिकेत वैयक्तिक निवृत्ती खात्याचा कायदा झाला. तिथला खातेदार, योग्य संस्थेमार्फत, खात्यातून घर वा जमीन घेऊ शकतो. पण नियम आपल्या अगदी उलट! त्या घरात त्याने स्वतः राहायचे नाही, मुलाबाळांनाही ठेवायचे नाही. भाडे खात्यातच जमा व्हायचे आणि डागडुजीचा खर्चही खात्यातूनच. तिकडे घर ही गुंतवणूक, इकडे घर हा निवारा.

दोन्हींमागे भीती एकच आहे, आजचा माणूस उद्याच्या म्हाताऱ्याचे खाऊन बसेल ही. अमेरिकन कायदा सांगतो, उपभोग घेऊ नको. आपला सांगतो, घ्यायचाच तर छपराचा घे.

पण छपराचीही किंमत पडते बरे! समजा, चाळिशीत कुणी एक लाख काढले. तेच पैसे आठ टक्के चक्रवाढीने साठीपर्यंत राहिले असते, तर चार लाख सहासष्ट हजार झाले असते. १९९५ ची पेन्शन योजना येण्यापूर्वी तर या कायद्याखाली कामगाराला स्वतःची मासिक पेन्शन नव्हती. फंडाची एकरकमी रक्कम हाच काय तो आधार. सगळा फंड विटांत गेला, की घर मोठे आणि डबा रिकामा. औषधासाठी कोणी घराची एक खोली मोडून आणत नाही.

उलट, घर झाले की भाडे वाचते, आणि क्वार्टर सोडताना मान खाली घालावी लागत नाही. तेव्हा फंडातून घर बांधणे वावगे नाही. मात्र अर्जावर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. या घरात मी खरेच राहणार काय? आणि भिंती उभ्या झाल्यावर चुलीसाठी किती उरणार? पहिल्याचे उत्तर कायदा मागतो. दुसऱ्याचे कोणी मागत नाही. म्हणून ते आपणच द्यायचे.