गांध न उठवणारा प्रतिपिंड

ब्रेस्लाउ, 1921. आज हे शहर पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ. तुम्ही पोचलात तेव्हा ते जर्मन आहे. प्रयोगशाळेत दोन डॉक्टर आहेत. हाइन्झ क्यूस्टनर यांना शिजवलेल्या माशाचं वावडं. थोडा जरी पोटात गेला, तरी अंगाला खाज सुटते, शिंका आणि खोकला सुरू होतो, उलटी होते. कार्ल प्राउस्निट्झ यांना मासा छान पचतो. काल क्यूस्टनर यांच्या रक्तातलं सीरम, अगदी थेंबभर, प्राउस्निट्झ यांच्या पोटाच्या कातडीत टोचलं होतं. आज नेमक्या त्याच जागी माशाचा अर्क टोचला जातो.

तुम्ही वाकून बघा. आधी टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा येतो. मग तो पसरतो, मधोमध फिकट पडतो आणि भोवतीची कातडी लाल होते. टपोरी गांध उठते. प्राउस्निट्झ यांचा हात खाजवायला पुढे होतो आणि ते तो आवरतात. इंचभर बाजूला, जिथे सीरम टोचलेलं नव्हतं, तिथे त्याच अर्काने काहीही होत नाही.

म्हणजे एकाचं वावडं दुसऱ्याच्या कातडीत नेता येतं. ते रक्तातल्या कशात तरी आहे. त्या कशाला तरी पुढे 'रिएजिन' म्हणू लागतील, आणि ते नक्की काय आहे हे कळायला आणखी 45 वर्षं जातील.

तुम्हाला दमा असेल, तर इथे फार रेंगाळू नका. तुमच्या खिशातला पंप बाजारात यायला 1956 उजाडणार आहे. दम लागला तर ॲड्रिनलिनचं इंजेक्शन मिळेल, नाहीतर धोत्र्याच्या पानांचा धूर घ्यायला सांगतील. हा धुराचा उपाय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेहून इंग्लंडात गेला आणि तिथून सगळीकडे पसरला. धुराने श्वासनलिका थोडी सैल होते, पण दमा का होतो या प्रश्नाला तो हातही लावत नाही.

आता डेन्व्हर, 1966. लहान मुलांच्या दम्यावर संशोधन करणारी एक संस्था, आणि तिच्या प्रयोगशाळेत जपानहून आलेले नवरा-बायको, किमिशिगे आणि तेरुको इशिझाका. काचपात्रांतलं सीरम रॅगवीड नावाच्या तणाचा त्रास असलेल्या रुग्णांचं आहे. हे तण तुम्हाला परकं वाटेल, पण त्याचा जवळचा भाऊबंद तुमच्या बांधावर उभा आहे. पुण्यात 1950 च्या दशकात पहिल्यांदा नजरेस आलेलं गाजर गवत त्याच कुळातलं, आणि एकाच्या परागांचा त्रास असणाऱ्यांचं सीरम दुसऱ्याच्या परागांनाही धरतं. गाजर गवत फुलल्यावर ज्यांचे डोळे चुरचुरतात आणि नाक गळतं, त्यांच्याशी डेन्व्हरच्या या टेबलाचा थेट संबंध आहे.

रिएजिन रक्तात इतकं कमी असतं की त्या काळातल्या कुठल्याही यंत्राला ते दिसत नाही. दिसतं ते फक्त माणसाच्या कातडीला. म्हणून इशिझाका दांपत्य सीरम वेगवेगळ्या भागांत वेगळं करतं आणि प्रत्येक भाग स्वतःच्या पाठीवर टोचून बघतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी रॅगवीडचा अर्क. कुठल्या भागाने गांध उठली, कुठल्या भागाने नाही, याची नोंद होते. मग सशाच्या शरीरात त्या रिएजिनविरुद्ध प्रतिपिंड तयार करतात आणि ते सीरममध्ये घालून रिएजिन खाली बसवतात. उरलेल्या सीरमने गांध उठत नाही. तोवर माहीत असलेल्या कुठल्याच वर्गात न बसणारा हा नवा प्रतिपिंड आहे, हे असं सिद्ध होतं. त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्सालात एस. जी. ओ. योहान्सन आणि हान्स बेनिक यांना मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात तोच रेणू भरपूर सापडतो, आणि 1968 मध्ये लोझानच्या बैठकीत त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजे आयजीई, हे नाव मिळतं.

पण डेन्व्हरमधून लगेच निघू नका. इथला आणखी एक प्रयोग मला या सगळ्या गोष्टीचा कणा वाटतो. आयजीईविरुद्ध तयार केलेला तो सशाचा प्रतिपिंड माणसाच्या कातडीत टोचतात. पराग नाही, मासा नाही, कसलंही वावडं नाही. तरीही गांध उठते.

असं का, ते समजायला कातडीच्या आत बघावं लागेल. तिथे मास्ट पेशी आहेत, हिस्टामिनच्या कणांनी गच्च भरलेल्या. त्यांच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींवर आयजीईचे रेणू घट्ट बसलेले आहेत. रक्तात मोकळा फिरणारा आयजीई दोन दिवसांत निम्मा होतो. पेशीवर बसलेला कित्येक आठवडे टिकतो. परागाचा कण आला आणि त्याने शेजारच्या दोन आयजीईंना एकत्र जोडलं, की पेशीला इशारा मिळतो आणि हिस्टामिन बाहेर पडतं. कातडीत त्याची गांध होते, श्वासनलिकेत घरघर. सशाच्या प्रतिपिंडाला दोन हात. तोही शेजारच्या दोन आयजीईंना पकडतो, आणि पेशीला पराग आणि तो यांत फरक कळत नाही.

याचा अर्थ किती कठोर आहे बघा. खलनायक सापडला आहे आणि त्याला धरणारा प्रतिपिंडही हातात आहे. पण तो रुग्णाला टोचला, तर अंगभर मास्ट पेशी एकाच वेळी फुटतील. उपाय म्हणून दिलेलं इंजेक्शन जीव घेईल. जवळपास वीस वर्षं आयजीईला प्रतिपिंडाने गाठायची कल्पना औषध म्हणून कोणी गंभीरपणे घेत नाही. या भीतीत चूक काहीच नव्हती.

मधल्या काळात 1975 मध्ये केंब्रिजला थांबा, पण दारातूनच डोकवा. जॉर्ज केलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्कपेशी एकत्र केल्या आहेत. त्यांतून निघणारी प्रत्येक वसाहत एकच एक प्रतिपिंड बनवत राहते. सशाच्या सीरममध्ये शेकडो प्रकारचे प्रतिपिंड एकत्र मिसळलेले असतात, कोणी आयजीईला इथे धरतो, कोणी तिथे. आता त्यांतला हवा तो एक निवडून कितीही बनवता येणार आहे.

निवडायचा कोणता, हा प्रश्न घेऊन ह्यूस्टनला या. 1987 च्या सुमाराचं ह्यूस्टन, टॅनॉक्स नावाची नुकतीच उभी राहिलेली छोटी कंपनी. तैवानहून आलेले त्से वेन चांग आणि नॅन्सी चांग यांनी ती 1986 मध्ये काढली. त्से वेन चांग यांचा विचार ऐकायला सोपा आहे, सुचायला मात्र फार अवघड. आयजीई आपल्या ज्या भागाने मास्ट पेशीच्या ग्राहीला चिकटतो, नेमका तोच भाग धरणारा प्रतिपिंड शोधायचा. वर्गात बाकाला पाठ टेकून बसलेल्या पोराच्या पाठीवर कागद चिकटवता येत नाही. तो उठून चालायला लागला की येतो. तसंच इथे. पेशीवर बसलेल्या आयजीईचा तो भाग ग्राहीत दडलेला असतो, त्यामुळे औषध त्याला शिवूच शकत नाही आणि पेशी फुटत नाही. रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या आयजीईचा तो भाग मात्र उघडा असतो. औषध त्याला वाटेतच धरतं, आणि धरलेला आयजीई कुठल्याच पेशीवर बसू शकत नाही.

प्रयोगशाळेतली चाळण तुमच्या डोळ्यांदेखत चालली आहे. छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटल्यांमध्ये उंदराच्या पेशींच्या वसाहती वाढताहेत. प्रत्येकीच्या प्रतिपिंडाला तीन कसोट्या. मोकळ्या आयजीईला धरतो का? त्याला ग्राहीवर बसण्यापासून अडवतो का? आणि आयजीई बसलेल्या पेशींवर सोडला, तर हिस्टामिन बाहेर पडतं का? पहिल्या कसोटीला पुष्कळ उतरतात. पुढच्या दोन बहुतेकांना बाद करतात. ज्या थोड्या खळग्यांमध्ये हिस्टामिन येत नाही, त्यांच्यातच पुढचं औषध आहे.

कॅलिफोर्नियात जेनेनटेक कंपनीत पॉला जार्डिउ यांचा गट त्याच दिशेने निघाला आहे. त्यांच्याकडचा उंदराचा प्रतिपिंड एमएई11. तो रुग्णाला तसाच देता येत नाही; वारंवार दिला की माणसाचं शरीर त्यालाच परका ठरवून त्याच्याविरुद्ध उठतं. म्हणून लेनर्ड प्रेस्टा आणि सहकारी त्याची आयजीईला पकडणारी सहा वळणं काढून माणसाच्या प्रतिपिंडाच्या सांगाड्यावर बसवतात. संगणकाच्या पडद्यावर तो रेणू फिरवून बघताना तुम्ही त्यांच्या मागे उभे आहात. नुसती वळणं हलवून पकड पूर्ववत येत नाही. वळणांना आधार देणारे सांगाड्यातली मोजकी अमिनो आम्लंही बदलावी लागतात. एक बदल, पुन्हा पेशींत उत्पादन, पुन्हा मोजणी. शेवटी जे हाती येतं, त्यात सुमारे 95 टक्के भाग माणसाचा आणि 5 टक्के उंदराचा. 1993 मध्ये हे काम प्रसिद्ध होतं. पुढे त्याचं नाव ओमालिझुमॅब. मधल्या काळात दोन्ही कंपन्यांमध्ये कोर्टकचेरी होते आणि 1996 मध्ये एका स्विस भागीदार कंपनीसह तिघांची तडजोड होते.

20 जून 2003 रोजी अमेरिकेत मध्यम ते तीव्र ॲलर्जिक दम्यासाठी ओमालिझुमॅबला मान्यता मिळते. दवाखान्यात या. कुपीत 150 मिलिग्रॅमच्या डोसाची पांढरी भुकटी. नर्स त्यात पाणी सोडते आणि कुपी हळुवार फिरवते. जोरात हलवायची नाही, फेस होतो. विरघळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तयार औषध इतकं दाट की सुईतून सावकाश ढकलावं लागतं. डोस रुग्णाच्या वजनावर आणि रक्तातल्या आयजीईवर ठरतो, कारण धरायचे किती आहेत त्याप्रमाणे धरणारे हवेत. दोन किंवा चार आठवड्यांनी पुन्हा यायचं. टोचल्यावर लगेच घरी जायचं नाही. क्वचित कोणाला औषधाचीच तीव्र रिॲक्शन येते, म्हणून 2007 मध्ये वेष्टनावर ठळक इशारा आला. असं असूनही आधी जीवघेण्या वाटलेल्या कल्पनेतून आलेलं हे औषध रुग्ण वर्षानुवर्षं घेत आहेत. रक्तातला मोकळा आयजीई घटला की बेसोफिल नावाच्या, मास्टसारख्याच पेशींवरचे ग्राहीही कमी होत जातात, हे 1997 मध्येच दिसलं होतं.

त्याच 2003 मध्ये टॅनॉक्सच्या टीएनएक्स-901 नावाच्या प्रतिपिंडाचा शेंगदाण्याच्या वावड्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 84 रुग्ण. सर्वांत मोठ्या डोसवर असलेल्यांना आधी सरासरी अर्ध्या शेंगदाण्याने त्रास व्हायचा. नंतर जवळजवळ नऊ शेंगदाण्यांपर्यंत होत नव्हता. ज्या घरात खाऊच्या प्रत्येक पुड्यावरची बारीक अक्षरं वाचावी लागतात, त्या घरासाठी अर्धा ते नऊ म्हणजे चुकून गेलेल्या घासाला न भिता जगणं. पण भागीदारांमधल्या करारात ओमालिझुमॅबच पुढे न्यायचं ठरलं आणि तो प्रतिपिंड थांबला. ओमालिझुमॅबचा शेंगदाण्यावरचा पुढचा अभ्यासही, औषध देण्याआधीच्या खाण्याच्या चाचणीत तीव्र त्रास झाल्याने, अर्ध्यावर बंद झाला. उपाय शक्य आहे हे कागदावर दिसत असताना दोन दशकं गेली. त्या काळात जी मुलं मोठी झाली, त्यांचं हे नुकसान आहे आणि ते कोणी भरून देऊ शकत नाही.

2024 मध्ये ज्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले, तिच्या अमेरिकेतल्या एका कक्षात चार वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर बसली आहे. चार महिने ओमालिझुमॅबची इंजेक्शनं झाली. आता दहीसदृश पुडिंगात मिसळलेली शेंगदाण्याची प्रथिनं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडी जास्त. हाताशी ॲड्रिनलिन तयार. या चाचणीत 600 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण अडीच शेंगदाण्यांपर्यंत, त्रासाविना पोचलेले 67 टक्के. औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांत 7 टक्के. 2024 च्या फेब्रुवारीत खाण्याच्या वावड्यासाठी, एक वर्ष आणि त्यावरच्या मुलांनाही, ओमालिझुमॅबला मान्यता मिळाली. तिघांतल्या उरलेल्या एकाला मात्र तेवढं संरक्षण मिळालं नाही, आणि हे औषध वावड्याचा पदार्थ खायची मुभा देत नाही, फक्त चुकून पोटात गेलेल्या घासापासून वाचवतं. इंजेक्शन थांबलं की मोकळा आयजीई पुन्हा वाढतो.

मार्च 2025 मध्ये अमेरिकेने ओमालिझुमॅबच्या पहिल्या बायोसिमिलरला, म्हणजे मूळ औषधाशी जुळणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या औषधाला, मान्यता दिली. महाराष्ट्रातले छातीरोगतज्ज्ञही ओमालिझुमॅब लिहून देतात, पण दर महिन्याचा खर्च ऐकून अनेक घरं पंपावरच थांबतात. प्रतिपिंडाने कुठे धरायचं, ते सापडलं आहे. आता त्याची किंमत उतरायला हवी.