येलदरीच्या धरणात अमेरिकेचं राजकारण कसं शोधायचं?



"अमेरिकेच्या राजकारणावर काहीतरी करायचंय, पण तिकडे जाणं जमणार नाही. मग कागद कुठून मिळणार?" पेटची तयारी करणारे बरेच जण हे विचारतात. आजची पोस्ट त्यांच्यासाठी. मी तुम्हाला परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणावर घेऊन जाणार आहे. तिथून वॉशिंग्टन बरंच स्पष्ट दिसतं.

आधी एक ताजी गोष्ट आठवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतून बातमी आली की भारतात मतदान वाढावं म्हणून ठेवलेले २ कोटी १० लाख डॉलर रद्द केले. आपल्याकडे टीव्हीवर आठवडाभर गदारोळ झाला. कोणी घेतले, कोणाला दिले, कोण विकलं गेलं! मग 'इंडियन एक्स्प्रेस'ने नोंदी तपासून लिहिलं की ही रक्कम बांगलादेशासाठी मंजूर झाली होती. ऑगस्टमध्ये सरकारनेही राज्यसभेत सांगितलं की, अमेरिकन दूतावासाच्या म्हणण्याप्रमाणे २०१४ ते २०२४ या काळात असा निधी भारतात आलाच नाही. गदारोळ करणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं होतं की हा पैसा कुठल्या संस्थेचा, कुठल्या वर्षाचा, कुठल्या खात्यातला?

हेच तीन प्रश्न आता येलदरीला लावून बघू.

१९६२ मध्ये पूर्णा प्रकल्पासाठी १ कोटी ३० लाख डॉलरचं कर्ज मंजूर झालं. तेव्हा डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता, म्हणजे सुमारे ६ कोटी १९ लाख रुपये. या प्रकल्पात धरणं दोन. येलदरीला पाणी साठतं आणि तिथल्या वीजघरातून नदीत सुटतं. पुढे सिद्धेश्वर धरणात ते अडवून कालव्यांत सोडलं जातं. आज परभणी, हिंगोली आणि नांदेड या तीन जिल्ह्यांतल्या शेतीला त्याचा लाभ आहे. येलदरीचा जिवंत साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, आणि वीजघराची क्षमता २२.५ मेगावॅट.

कर्ज दिलं कोणी? आंतरराष्ट्रीय विकास संघ नावाच्या, जागतिक बँकेच्या भावंड-संस्थेने. ही संस्था सप्टेंबर १९६० मध्ये सुरू झाली, म्हणजे पूर्णेचं कर्ज तिच्या पहिल्या काही कर्जांपैकी एक. अटी बघा: मुदत ५० वर्षं, व्याज नाही, फक्त पाऊण टक्का सेवा आकार, आणि पहिली दहा वर्षं मुद्दल फेडायचं नाही. १९६२ मध्ये ५० मिळवा. कर्जाच्या मूळ मुदतीचं दुसरं टोक २०१२ मध्ये येतं! मधल्या काळात, जून १९६६ मध्ये, रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर साडेसात रुपयांवर गेला. डॉलरमध्ये मोजलेलं कर्ज रुपयांत एका रात्रीत दीडपटीहून जास्त झालं. "स्वस्त कर्ज" हा शब्द वाचलात की स्वस्त कुठल्या चलनात, हे विचारायची सवय लावून घ्या.

आता अमेरिकेकडे वळू. ही संस्था काढायची सूचना १९५८ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर माईक मनरोनी यांनी सिनेटमध्ये मांडली. शेतीप्रधान राज्याच्या सिनेटरला आशियातल्या धरणांशी काय घेणं? उत्तर धान्यात आहे. १९५४ च्या पीएल ४८० कायद्याखाली अमेरिका आपलं जास्तीचं धान्य आपल्यासारख्या देशांना त्यांच्याच चलनात विकत होती. म्हणजे आपण गव्हाचे पैसे रुपयांत देत होतो आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यात साचत होते. तिकडे ते चालत नव्हते. ही असली साचलेली चलनं विकासाच्या कर्जांसाठी वापरता येतील, हा मनरोनींच्या सूचनेतला एक धागा होता. त्याला शीतयुद्धाची जोड मिळाली: गरीब देश रशियाकडे झुकू नयेत. पुढे संस्था उभी राहिली तेव्हा सुरुवातीच्या भांडवलात अमेरिकेचा वाटा सुमारे एक तृतीयांश होता.

म्हणून मग "येलदरी अमेरिकेच्या पैशाने झालं" असं लिहायचं का? थांबा. पुढच्याच वर्षाची गोष्ट बघा. १९६३ मध्ये बोकारोच्या पोलाद कारखान्यासाठी भारताने अमेरिकेकडे मदत मागितली होती. राष्ट्राध्यक्ष केनेडी अनुकूल होते. पण अमेरिकन काँग्रेसमध्ये (म्हणजे त्यांच्या संसदेत, आपल्या पक्षाशी गल्लत नको) जोरदार विरोध झाला. सरकारी मालकीच्या कारखान्याला आमच्या करदात्याचा पैसा कशाला, असा सवाल होता. शेवटी भारताने विनंती मागे घेतली आणि बोकारो सोव्हिएत मदतीने उभं राहिलं.

येलदरीही सरकारीच होतं, मग त्यावर असा वाद का झाला नाही? कारण पैशाचा दरवाजा वेगळा होता. बोकारोचा पैसा थेट अमेरिकेच्या तिजोरीतून यायचा होता, त्यामुळे तिथले लोकप्रतिनिधी एकेका प्रकल्पावर भांडू शकत होते. पूर्णेचा पैसा अनेक देशांनी मिळून भरलेल्या एका हंड्यातून आला. काँग्रेस हंड्यात किती ओतायचं यावर भांडते. तो कुठल्या नदीवर खर्च करायचा यावर तिथे मतदान होत नाही.

हा फरक आजही लागू पडतो. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने परदेशी मदत गोठवली, आणि केनेडींच्या काळात, १९६१ मध्ये, सुरू झालेली यूएसएड १ जुलै २०२५ रोजी परराष्ट्र खात्यात विलीन झाली. पण त्याच सरकारने आंतरराष्ट्रीय विकास संघासाठी ३.२ अब्ज डॉलरची मागणी काँग्रेसकडे केली. बायडन यांनी कबूल केलेल्या ४ अब्जांपेक्षा ती कमी होती, पण शून्य नव्हती. एक दरवाजा बंद झाला, दुसरा किलकिला राहिला. आणि भारत? २०१४ मध्ये आपण या सवलतीच्या कर्जदारांच्या यादीतून बाहेर पडलो. आता आपण त्याच हंड्यात पैसे घालतो.

इथपर्यंतचा इतिहास देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा झाला. पण माझ्या मते येलदरीचा खरा रिसर्च इथून पुढे सुरू होतो. धरणाच्या पाण्याखाली शेतं गेली, घरं गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा आला १९७६ मध्ये. सक्तीच्या विस्थापनाबद्दल जागतिक बँकेने पहिलं धोरण केलं १९८० मध्ये. येलदरी मात्र साठच्या दशकातच उभं राहिलं. म्हणजे ज्यांची जमीन गेली, त्यांच्यासाठी मुंबईतही स्वतंत्र कायदा नव्हता आणि वॉशिंग्टनमध्येही नियम नव्हता. वॉशिंग्टनमधले करदाते आणि लाभक्षेत्रातले शेतकरी यांचा हिशेब मांडता येतो. या तिसऱ्या माणसासाठी रकानाच आखलेला नव्हता.

त्याला शोधणं तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. जागतिक बँकेची जुनी प्रकल्प-कागदपत्रं मोठ्या प्रमाणात ऑनलाइन आहेत, अमेरिकन काँग्रेसच्या चर्चाही आहेत. त्या घरी बसून वाचा. मग १९५१, १९६१ आणि १९७१ च्या जनगणनेतल्या गावांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. कुठलं नाव गळलं? कुठल्या गावापुढे 'बेचिराख' लागलं? कुठे अचानक लोकसंख्या वाढली? त्यानंतर तहसीलमध्ये फेरफार आणि भूसंपादनाचे निवाडे मागा. मराठवाड्यात निजामकाळातली महसुली कागदपत्रं बरीचशी उर्दूत आहेत, तेव्हा उर्दू वाचायला आत्ताच शिका. सहा महिन्यांत हात बसतो. आणि वयस्कर माणसांना भेटायचं काम शेवटी ठेवू नका. धरण झालं तेव्हा जी पोरं दहा वर्षांची होती, ती आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. कागद थांबतील, ती माणसं थांबणार नाहीत.

सिनॉप्सिसमध्ये "भारत-अमेरिका संबंध" असा ऐसपैस विषय टाकलात तर गाईड पहिलाच प्रश्न विचारतील: नेमकं काय? त्यावर उत्तर असं द्या: एक कर्ज, एक नदी आणि पन्नास वर्षं. पुढची चर्चा मग कामाची होईल.