भीष्मांचें कालगणित

महाभारतांतील काळाचा विचार म्हटला म्हणजे आपणांस प्रथम चार युगें आठवतात. वनपर्वांत मार्कंडेय ऋषि युधिष्ठिराला त्यांचीं मानें सांगतात. संधिकाल धरून कृतयुग ४८०० वर्षांचें, त्रेता ३६००, द्वापर २४०० आणि कलि १२००. एकूण १२,००० वर्षें. परंतु भारतीय युद्धाच्या उंबरठ्यावर काळाचा जो प्रश्न उभा राहिला, तो अवघ्या पांच-साडेपांच महिन्यांचा होता. त्याचीच हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

प्रसंग विराटपर्वांतील आहे. बारा वर्षें वनवास व तेरावें वर्ष अज्ञातवास, आणि त्या वर्षांत ओळखले गेल्यास पुन्हा बारा वर्षें वनवास, असा द्यूताचा पण होता. कौरवांनीं विराटाच्या गाई वळविल्या, तेव्हां राजपुत्र उत्तराला घेऊन बृहन्नडेचा रथ समोर आला. आणि त्याच्या घोषावरून द्रोणांनीं अर्जुनाला ओळखलें. दुर्योधनाला हर्ष झाला. मुदत पुरी झाली नसेल तर शत्रु आपोआप वनांत जाणार! हिशेबांतील उणेंअधिक पितामहांनीं सांगावें, असें तो म्हणाला.

भीष्मांनीं दिलेलें उत्तर गणिताचें आहे. कला, काष्ठा, मुहूर्त, दिवस, पक्ष, मास, ऋतु व संवत्सर मिळून कालचक्र फिरतें. दर पांच वर्षांत दोन महिने अधिक पडतात. या रीतीनें तेरा वर्षांत पांच महिने व बारा रात्री वाढतात. सबब पांडवांनीं आपला शब्द पुरा केला आहे, असा त्यांनीं निर्णय दिला.

यांतील मर्म असें. चांद्र मास सुमारें साडेएकोणतीस दिवसांचा असल्यामुळें बारा मासांचे ३५४ दिवस होतात. वेदांगज्योतिषानें सौर वर्ष ३६६ दिवसांचें धरून पांच वर्षांचें युग कल्पिलें. त्याचे दिवस १८३० आणि चांद्र मास ६२, म्हणजे साठांहून दोन अधिक. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालच्या आपल्या ग्रंथांत या पद्धतीचें सविस्तर विवेचन केलें आहे. या नियमानें तेरा वर्षांची वाढ पांच महिने सहा दिवस इतकी येते. भीष्मांच्या मुखीं मात्र बारा रात्री आहेत. तथापि सहा काय किंवा बारा काय, निकाल बदलत नाहीं. वर्ष चांद्र धरलें तर मुदत लवकर भरते, सौर धरलें तर पांच महिन्यांहून अधिक उशिरां. बारा मासांचें एक वर्ष, या मोजणीनें पांडव निर्दोष ठरतात.

आतां दुर्योधनाचें उत्तर पाहावें. तो या गणितांत चूक दाखवीत नाहीं, दुसरी गणना पुढें मांडीत नाहीं. राज्य देणार नाहीं, एवढेंच तो सांगतो. म्हणजे पंचांगाच्या वादांतून युद्ध उद्भवलें असें म्हणतां येत नाहीं. गणना सोयीची निघेल अशी आशा होती तोंवर त्यानें ती मागितली. ती गैरसोयीची निघतांच टाकून दिली.

काळ सर्व भूतांना ग्रासतो, त्यापुढें कोणाचें चालत नाहीं, असेंही महाभारतांत वारंवार सांगितलें आहे. पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या धृतराष्ट्राला संजय याच विचारानें धीर देतो. परंतु शांतिपर्वांत भीष्म युधिष्ठिराला निराळेंच सांगतात. राजा काळाला घडवितो कीं काळ राजाला, ही शंकाच धरूं नये. दंडनीति पूर्णपणें चालविणारा राजा कृतयुग आणतो, ती सर्वस्वीं सोडणारा कलियुग आणतो. ज्यांनीं एकदां महिने मोजून न्याय सांगितला आणि तो धुडकावलेला पाहिला, त्यांच्याच तोंडचे हे शब्द आहेत. पुढें शरशय्येवर उत्तरायणाची वाट पाहतांनाही त्यांचें गणित सुटलें नाहीं. युधिष्ठिर अखेरच्या भेटीस आला, तेव्हां आपण अठ्ठावन्न रात्री येथें पडून आहों, असें त्यांनीं त्याला सांगितलें.