चित्रपटांतील बेफाम रात्री आणि वडीलधाऱ्यांचें मन

तरुण पिढी बिघडली, ही तक्रार पुरातन आहे. परंतु त्या बिघाडाचीं चित्रें काढून तीं तिकीट लावून त्याच तरुण पिढीला दाखवावयाचीं, हा उद्योग मात्र विसाव्या शतकाचा. अमेरिकन चित्रपटांत कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या बेफाम मेजवान्या आज सुमारें शंभर वर्षें दिसत आल्या आहेत, आणि त्या म्हणजे त्या त्या काळच्या तरुणांचें प्रतिबिंब होय, असें आपण सहज धरून चालतों. प्रस्तुत लेखकास तसें वाटत नाहीं. हे चित्रपट लिहिणारे, काढणारे व त्यांना कात्री लावणारे बहुतेक सारे प्रौढच होते. तेव्हां त्यांत मुख्यतः दिसतें तें प्रौढांचें मन.

अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, व चोरून पिणें ही एक फॅशन होऊन बसली होती. याच काळांत, १९२८ सालीं, ‘अवर डान्सिंग डॉटर्स’ हा चित्रपट निघाला. जोन क्रॉफर्ड हिनें त्यांत मेजवान्यांतून बेभान नाचणारी एक श्रीमंताची कन्या रंगविली आहे. कथेचा रोख मात्र पाहण्यासारखा आहे. ही नाचणारी मुलगी मनानें निर्मळ ठरते. उलट आईच्या शिकवणीनें सोज्वळपणाचें सोंग घेऊन श्रीमंत वर पटकावणारी दुसरी मुलगी शेवटीं दारूच्या नशेंत जिन्यावरून पडून मरते. प्रेक्षकाला नाच डोळे भरून पाहावयास मिळतो, आणि कोणाला तरी शिक्षा झाल्याचें समाधानहि मिळतें. भीति आणि हौस यांची ही भागीदारी पुढें कधींच मोडली नाहीं.

भीतीचें पारडें लवकरच जड झालें. १९३० सालीं चित्रधंद्यानें आपल्यासाठीं नीतिनियमांची संहिता स्वीकारली, आणि १९३४ पासून ती कडकपणें अमलांत आली. मध्यंतरीं, १९३३ सालीं, समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनीं तरुणांकडूनच त्यांच्या चित्रपटविषयक आठवणी लिहवून घेतल्या होत्या. पोशाख, केशरचना, इतकेंच काय पण प्रणयाची रीतहि आपण पडद्यावरून उचलली, असें अनेकांनीं त्यांत कबूल केलें. याचा अर्थ असा कीं, प्रौढांनीं कल्पिलेल्या तारुण्याची नक्कल खरें तारुण्य करूं लागलें होतें!

१९३६ चा ‘टेल युअर चिल्ड्रन’ तर उघडउघड उपदेशपट. शाळेचे मुख्याध्यापक पालकांच्या सभेंत गांजाचे दुष्परिणाम सांगतात, आणि मग शाळकरी मुलें एका बिऱ्हाडांतील मेजवान्यांत ओढलीं जाऊन त्यांचा सर्वनाश होतो. पुढें एका चतुर व्यापाऱ्यानें तो विकत घेतला, त्यांत चटकदार दृश्यें घातलीं, आणि तोच उपदेश मोहाचा माल म्हणून विकला. ‘रीफर मॅडनेस’ या नांवानें तो प्रसिद्ध झाला. १९७० नंतरच्या दशकांत तर महाविद्यालयीन विद्यार्थी तो विनोदी चित्रपट म्हणून खो खो हंसत पाहूं लागले. भयाची अतिशयोक्ति केली म्हणजे भय तर जातेंच, पण भय दाखविणाराचा अधिकारहि जातो.

१९५५ च्या ‘रेबेल विदाउट अ कॉज’ या चित्रपटानें आरोपीच्या पिंजऱ्यांत आईबापांना उभें केलें. जेम्स डीन यानें रंगविलेला मुलगा बापाकडे मार्गदर्शन मागतो, आणि बाप गोंधळतो. १९६८ सालीं जुनी संहिता जाऊन वयाप्रमाणें वर्गवारी आली. त्यानंतरच्या चित्रपटांत आईबाप गोंधळतहि नाहींत. ते चक्क गांवाला जातात. १९८३ चा ‘रिस्की बिझनेस’ काय किंवा २०१२ चा ‘प्रोजेक्ट एक्स’ काय, कथा सुरू होते ती वडील मंडळी घराबाहेर पडल्यावर.

त्याच वर्षीं पडद्यावरचा प्रकार रस्त्यावर उतरला. नेदरलँड्समधील हारेन या गांवीं एका मुलीच्या सोळाव्या वाढदिवसाचें निमंत्रण फेसबुकवर चुकून सर्वांस खुलें राहिलें. २१ सप्टेंबर २०१२ रोजीं तेथें हजारों तरुण लोटले, लुटालूट झाली, पोलिसांशीं चकमकी उडाल्या. लोकांनीं त्या प्रसंगाला त्या चित्रपटाचेंच नांव दिलें होतें. जॉब कोहेन यांच्या समितीनें चौकशी करून पुढील वर्षीं अहवाल दिला. त्याचें शीर्षक होतें ‘दोन जगें’.

हें शीर्षक या साऱ्या इतिहासाला लागू पडतें. चित्रपट पाहून ‘मुलें अशींच झालीं’ असें म्हणणारा पालक मुलांना ओळखत नसतो. तो आपल्याच भीतीचें चित्र पाहून आलेला असतो. शंभर वर्षांत नाच बदलले, वाद्यें बदललीं, निमंत्रणें धाडण्याची रीत बदलली. कधीं ढोंगी, कधीं भेदरलेले, कधीं गोंधळलेले आणि शेवटीं गैरहजर असे वडीलधारे मात्र प्रत्येक चित्रांत आहेत. मुलांविषयीं खरें कांहीं जाणून घ्यावयाचें असेल, तर तें चित्रगृहांत मिळावयाचें नाहीं. रात्रीं घरीं पंगतीला मुलाशेजारीं बसून, उपदेश बाजूस ठेवून, त्याला विचारावें लागेल.