कोयता आणि पाटी

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. ऊस तोडणारा मात्र मुकादमाच्या उचलीतच अडकून राहिला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईच्या मजुरीचा वेगळा हिशेबच नाही. पाथर्डी-शेवगावकडच्या वर्गांतले बाक दिवाळीच्या सुमारास रिकामे होत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. या मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. आता फडात हार्वेस्टर उतरले आहेत. कोयता सुटेल तेव्हा हाताला दुसरे काम हवे, आणि त्यासाठी पाटी सुटता कामा नये. आपल्या भागातील अशा वसतिगृहांना माजी विद्यार्थ्यांनी आधार द्यावा.