पंचाच्या मुठीतून मनगटावर

धावणारा एक आणि त्याची वेळ मोजणारा दुसरा, ही व्यवस्था आपल्याकडे फार काळ चालली. १९१९ साली सर दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष झाले आणि तिथल्या शर्यती पाहायला गेले. धावायला आलेले बहुतेक गडी खेड्यापाड्यांतले शेतकरी. पायांत काही नाही, रीतसर तालीम कुणी दिलेली नाही आणि रस्ते खडीचे, टणक. मुख्य शर्यत सुमारे २५ मैलांची. असे असूनही पहिल्या तिघाचौघांच्या वेळा युरोपातल्या वेळांशेजारी मांडता येण्याजोग्या निघाल्या. दहा वर्षांनी, १९२९ साली, ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी ही हकीगत स्वतः सांगितली आहे. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपला छोटासा चमू गेला. मॅरेथॉनसाठी निवडले गेले ते बेळगावकडचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले मात्र २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोचले आणि १९ वे आले. त्या वर्षीचे अंतरही नेहमीहून जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. हिशेब मांडा, दर किलोमीटरला चार मिनिटे पडतात. आज आपल्या गल्लीतला एखादा तरुण या वेगाने एक किलोमीटर धावून आला तर घरचे त्याला पाणी घेऊन सामोरे जातील!

या कथेत टाटा दिसतात, चौगुले दिसतात; पंचाच्या मुठीतल्या घड्याळाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक ते नसते तर ते अनवाणी गडी आपापल्या गावच्या कौतुकापुरतेच राहिले असते. आकडा मिळाला म्हणून त्यांची तुलना साता समुद्रापलीकडच्या माणसांशी झाली. पण तो आकडा पंचाला कळे. धावणाऱ्याला तो सारे संपल्यावर, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळे.

ही रीत मोडणारा माणूस त्याच अँटवर्पमध्ये आपली पहिली सुवर्णपदके मिळवीत होता. फिनलंडचा पावो नुर्मी. हे गृहस्थ पुढे हातात घड्याळ धरून धावू लागले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या शर्यतीत त्यांनी शेवटच्या फेरीआधी घड्याळावर एक नजर टाकली, ते बाजूच्या हिरवळीवर भिरकावले आणि शर्यत जिंकली. शेजारचा किती पुढे आहे यापेक्षा आपली फेरी किती सेकंदांची झाली, हे ते पाहत. नवशिक्याने घड्याळ कशासाठी घ्यावे, याचे उत्तर मला तरी इथेच सापडते.

आता आमच्या पिंपरी-चिंचवडकडे या. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठीच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीला बजाजचा कारखाना आला, आणि शेताच्या बांधावर सूर्य पाहून चालणारा हा मुलूख भोंग्यावर चालू लागला. इथे धावणे म्हणजे पाळी गाठण्यासाठी धावणे. फाटकावरच्या घड्याळात कार्ड घालायचे; वेळ कंपनीची, तिची नोंदही कंपनीचीच. माणसाचे स्वतःचे असे घड्याळ मनगटावर आले ते एचएमटीमुळे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला या घड्याळांचा कारखाना निघाला. माझ्या वडिलांकडे त्यातलेच ‘जनता’ होते. रोज सकाळी चहाआधी ते त्याला चावी देत. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचे नाही असा आमच्या घरचा दंडक होता. त्या घड्याळाला सेकंदकाटा होता, पण तो कधी कुणी वापरलेला मी पाहिला नाही. पाळी मिनिटांवर चाले, सेकंदांशी तिला काय करायचे? २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वडिलांनी फक्त चावी द्यायची एक खेप वाढवली.

सेकंद स्वस्त केले ते क्वार्ट्‌झच्या स्फटिकाने. १९६९ च्या डिसेंबरात सेकोने असे पहिले मनगटी घड्याळ विकायला काढले तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. वीस वर्षांत, १९८९ साली, कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू निघाले. प्लास्टिकचे, वजनाने २१ ग्रॅम, सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारे, एका सेलवर सात वर्षे चालणारे आणि शाळामास्तरालाही परवडणारे. त्याची एक खोड आहे. त्यातले स्टॉपवॉच एक तास भरला की पुन्हा शून्यावर येते. नवशिक्याला ती खोड जाचत नाही. तो तासभर धावतोच कुठे?

त्यानंतर आले उपग्रह. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि मनगटावर अंतर मोजण्याची वाट मोकळी झाली. २००३ साली गार्मिनचे फोररनर आले. वस्तू खरोखर अद्भुत आहे, पण नामांकित कंपनीचे असे घड्याळ महाग पडते. दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या चकचकीत घड्याळांपैकी पुष्कळांत स्वतःचे जीपीएस नसते. ती खिशातल्या फोनचे उसने घेतात, नाहीतर पावले मोजून अंतराचा अंदाज बांधतात. खोक्यावर मात्र धावणाऱ्या माणसाचे चित्र असते.

गेल्या वर्षी माझा एक माजी विद्यार्थी नेमका हाच घोळ घेऊन घरी आला. चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात कंत्राटावर काम करतो, आठवड्याला पाळी बदलते, आणि पोलीस भरतीची तयारी चालली आहे. त्या भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८००, आणि वेळेवर गुण मिळतात. चार-पाच सेकंदांत वर्दी मिळते किंवा हुकते. “सर, हप्त्यावर जीपीएसवालं घेऊ का?” हप्ता पगारातून जाणार, आणि त्याच पगारातून बहिणीची फी.

आम्ही दोघांनी वहीवर गणित केले. उपग्रहाच्या घड्याळाने अंतरात शेकडा दोनचीच चूक केली तरी १६०० मीटरला ती ३२ मीटर होते. पाच मिनिटे दहा सेकंदांच्या त्याच्या लक्ष्यात म्हणजे सहा सेकंद. उलट ४०० मीटरच्या आखीव धावमार्गावर अंतर ठरलेलेच असते, चार फेऱ्या. मग उपग्रह हवा कशाला? त्याला हव्या होत्या मोजक्या गोष्टी. अंगठ्याला न पाहता सापडेल असे बटण, प्रत्येक फेरीची वेळ लक्षात ठेवण्याची सोय, पहाटे पाचला दिसेल असा उजेड, घामा-पावसाला दाद न देणारे अंग. एफ-९१डब्ल्यू फेऱ्या लक्षात ठेवत नाही, म्हणून तेही बाद झाले. खेळाच्या सामानाच्या दुकानात या साऱ्या गोष्टी असलेले साधे आकडी घड्याळ दोन हजारांच्या आत मिळाले. नाडीचे ठोके मोजणारा हिरवा दिवा त्याला नाही. पट्टा सैल असला की तो दिवा भलतेच आकडे सांगतो, त्यामुळे मला त्याची हळहळ वाटली नाही.

पहिल्या आठवड्यात त्याने वही आणून दाखवली. फेऱ्या ७१, ८०, ८६ आणि ८२ सेकंदांच्या. एकूण ५ मिनिटे १९ सेकंद. पहिल्या फेरीत सगळा दम उधळलेला कागदावर स्पष्ट दिसत होता. मैदानावर सारे एकदम सुटतात, त्या ओढीत पोरगा वाहून जाई आणि आपण उत्तम धावलो असे समजे. मी त्याला नुर्मींची गोष्ट सांगितली. घड्याळ फेकायचे मात्र नाही, एवढी पुस्ती जोडली!

दोन महिन्यांनी रात्रपाळी उतरून तो परस्पर मैदानावर गेला होता, त्या दिवसाचे आकडे माझ्या वहीतही आहेत: ७९, ७८, ७९, ७६. बेरीज ५ मिनिटे १२ सेकंद. दोन सेकंद अजून उरली आहेत, आणि भरतीची तारीख लागायची आहे.