कॅनाबिस, वैद्यकीय : वृद्धांतील वापर
भांगेच्या झाडातील द्रव्यांचा वृद्धांच्या जुनाट वेदना, निद्रानाश, कर्करोगोपचारातील मळमळ इ. लक्षणांच्या शमनासाठी केलेला वापर. मूळ रोग त्याने बरा होत नाही. नशा आणणारे टीएचसी व नशा न आणणारे सीबीडी ही यातील प्रमुख द्रव्ये. राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनी इझ्राएलमध्ये १९६४ साली टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. संशोधनासाठी लागणारा चरस मेशुलाम यांनी चक्क पोलिसांकडून मिळवला होता. त्याच देशातील, ६५ वर्षांवरील २,७३६ रुग्णांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांच्या उपचारानंतर वेदनेचा मध्यक १० पैकी ८ वरून ४ वर आला. सुमारे १८ टक्के रुग्णांची ओपिऑइड वेदनाशामके सुटली किंवा कमी झाली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा हे आकडे जपूनच वाचावेत. उतारवयात खरी भीती भोवळीची : टीएचसीमुळे उभे राहताना रक्तदाब उतरतो आणि पडून खुबा मोडू शकतो. सीबीडी यकृतातील काही एंझाइमांना अडवते; त्यामुळे वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा परिणाम वाढून रक्तस्राव संभवतो. म्हणून अत्यल्प मात्रेने सुरुवात करून ती सावकाश वाढवतात.